प्रणालीची दोन नावं

आधी रझियाआपांचं नाव घेते, मग काय घडलं ते सांगते. लोक उलटं करतात. सगळी हकीकत स्वतःच्या कर्तबगारीनं भरून झाली, की शेवटी उरलेल्या जागेत आभार उरकतात. मला ते जमत नाही. माझ्यात माझं किती आणि आपांचं किती, याचा निवाडा पन्नाशी जवळ आली तरी झालेला नाही, आणि तो मला करायचाही नाही. लातूरकडच्या त्या भूकंपानंतर जुन्या नांदेडातून कपडे आणि डबलरोटी भरलेला एक टेम्पो आमच्या गावी यायचा. त्यात ड्रायव्हरशेजारी बसून येणारी काळ्या बुरख्यातली उंच बाई म्हणजे आपा. माझी आई गेली होती, शाळा पडली होती, नववी तिथंच राहिली होती. पत्र्याच्या शेडपुढं बसलेले दादा, म्हणजे माझे वडील, कुणाशी बोलत नव्हते. माझे हात थरथरायचे. पाण्याचा पेला धरला तरी निम्मं पाणी खाली. आपांनी ते पहिल्या खेपेला पाहिलं आणि पुढच्या एका खेपेला दादांना म्हणाल्या, "भाऊ, ही पोर माझ्याकडं द्या. टायपिंग शिकवते. बोटांना काम लागलं की थरथर जाती." दादा म्हणाले, "तुमच्यात कशी राहील ती? मटण-बिटण न्हाई चालत तिला." आपा म्हणाल्या, "म्या तिला मटण खायला न्हाई नेऊन राहिले भाऊ, शिकवायला नेऊन राहिले." दादा पहिल्यांदा हसल्यासारखे झाले. मी टेम्पोत बसले.

आपांचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत टाइपरायटरांची रांग. तिथं आपांचा टायपिंगचा क्लास चाले. घर जागं व्हायचं तेच आवाजांनी. आधी अजान, मग वाऱ्याची दिशा बरी असली तर गुरुद्वाऱ्याकडचं कीर्तन, मग पितळी तांब्यांचा खणखणाट, आणि आठ वाजले की टाइपरायटरांचा तो पत्र्यावर गारा पडल्यासारखा कडकडाट. पत्र्यावरच्या आवाजाला मी भ्यायचे, पण या कडकडाटाला कधीच भ्याले नाही. सकाळच्या न्याहारीला खिचडी आणि चिंच-तिळाचा खट्टा असायचा. माझ्यासाठी वेगळं भांडं, वेगळा चमचा. "तुझ्या बापाला जबान दिली हाय," असं म्हणत आपा ते भांडं स्वतः घासायच्या. मी त्यांना येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी करून दाखवली. पहिला घोट घेऊन त्यांचे शौहर युनूसभाई म्हणाले, "ये तो दाल नहीं, तूफान है," आणि तीनदा वाढून घेतली. बाजूच्या खोलीत युनूसभाईंचं दुकान. रेडिओ, टीव्ही दुरुस्त करता करता ते कॉम्प्युटर जोडायला लागले होते. हैदराबादहून पेटी एकाची यायची, पडदा दुसऱ्याचा, आतली सर्किटची पाटी तिसऱ्याची. गिऱ्हाईक विचारायचं, "कंपनी कोणती?" युनूसभाई शांतपणे सांगायचे, "असेंबल." गिऱ्हाईक मान डोलवायचं, असेंबल ही कुठली तरी जबरदस्त कंपनी आहे अशा समाधानानं घरी जायचं. मी टायपिंगकडून या खोलीकडे कधी सरकले ते कळलंच नाही. माझे हात स्क्रू धरताना स्थिर राहायला लागले होते, एवढं आठवतं.

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला महेश नावाचा एक विद्यार्थी सुटे भाग घ्यायला दुकानात यायचा. बोलायला लागला की थांबायचा नाही. एक दिवस त्यानं सीडी आणली. म्हणाला, "ही टाका. फुकट आहे. चोरीची नाही, फुकट." तोवर आमच्या गल्लीत फुकट आणि चोरीची यांत फरक असतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी तीतली प्रणाली, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम, एका जुन्या यंत्रावर चढवली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या आणि शेवटी एक आडवी रेघ लुकलुकत माझी वाट पाहत थांबली. महेश गेला, की मी सीडीवरच्या मजकुराच्या फायली उघडून बसायचे. इंग्रजी यायचं नाही. आपांच्या क्लासमधला जाड शब्दकोश मांडीवर आणि एकेक ओळ. असं महिनोन्‌महिने वाचल्यावर जे कळलं त्यानं मी चक्रावून गेले. ही वस्तू कुणा एकानं बनवलेली नव्हती. अमेरिकेतल्या काही लोकांनी बरीच वर्षं आधी ठरवलं होतं, की सगळ्यांना मोकळी असेल अशी एक संपूर्ण प्रणाली लिहायची. तिला त्यांनी नाव दिलं ग्नू. मजकूर लिहायचं साधन, हुकूम ऐकणारा भाग, माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा भाग, असं बरंच त्यांनी तयार केलं. फक्त यंत्राचे भाग आणि स्मृती सांभाळणारा मधला गाभा त्यांचा व्हायचा राहिला होता. आणि तिकडे फिनलंडात एका विद्यार्थ्यानं नेमका तो गाभा लिहिला. तो लिनक्स. ना यांनी त्याला सांगितलं होतं, ना त्यानं यांना विचारलं होतं. दोन्ही जोडलं तेव्हा गाडी चालू झाली, आणि जग म्हणायला लागलं, लिनक्स चालू झालं.

मी महेशला म्हटलं, "याला नुसतं लिनक्स म्हणणं बरोबर न्हाई. ग्नू-लिनक्स म्हणायला पायजे." तो हसला. "सगळे लिनक्सच म्हणतात. छोटं आहे, तोंडात बसतं."

"सगळे म्हणतेत म्हणून?"

"बरं, ग्नू लावला. मग पडद्यावर खिडक्या काढणारा भाग एका विद्यापीठाचा आहे, त्याचं नाव? छपाईचा भाग आणखी कुणाचा, त्याचं? ही सीडी ज्यांनी जुळवून दिली त्यांचं? थांबणार कुठं? नाव आहे का लग्नाची पत्रिका?"

मी हट्टानं दोन्ही नावं म्हणत राहिले, पण कुठं थांबायचं या प्रश्नानं आतून पोखरायला सुरुवात केली. अजूनही जगभरात यावर भांडणं चालतात. मोठमोठे जाणकार हमरीतुमरीवर येतात. ते वाचताना मला युनूसभाईंची खोली आठवते, सोल्डरचा वास आठवतो, आणि वाटतं, बाबांनो, हे भांडण मी तुमच्याइतकंच जुनं भांडले आहे, फक्त माझ्याकडं दहावीचं प्रमाणपत्र नव्हतं.

त्याच सुमारास लातूरला क्लासेसचं पेव फुटलं होतं. गल्लीगल्लीत पाट्या, गुणवंतांचे फोटो, खोल्या भाड्यानं, डबे चालू. अशाच एका मोठ्या क्लासनं कॉम्प्युटरची खोली उभारायचं काम युनूसभाईंना दिलं, आणि ते उभारायला गेलेली मी तिथंच कामाला राहिले. क्लासच्या मालकांना सगळे नुसतं सर म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. पहाटे चारला उठून पोरांच्या खोल्यांची दारं वाजवायचा. एखाद्याच्या घरून डबा आला नाही तर स्वतःच्या घरी जेवायला न्यायचा. पण त्याच्या जगात प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते आणि त्यातला एक बरोबर. सरांनी मला मुलांसाठी संगणकाच्या नोट्स लिहायला सांगितल्या. साचा ठरलेला. व्याख्या दोन ओळींत, निर्माता एका शब्दात. मी व्याख्या लिहिली: यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये उभी राहून सगळी कामं वाटून देणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली, आपल्या खोलीतली प्रणाली वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न विचारता केलेल्या भागांची आहे. निर्मात्याची जागा मी रिकामी ठेवली. सर म्हणाले, "इथं काय?" मी म्हटलं, "तिथं एक शब्द बसत न्हाई, सर." त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "बसवू आपण," म्हणाले.

त्यांनी बसवलं ते असं. पालकांचा मोठा मेळावा ठरला होता. सरांनी मला बोलावलं, समोर खुर्चीवर बसवलं. एरवी आम्ही कामाची माणसं त्यांच्यासमोर उभीच राहायचो. ते म्हणाले, "या प्रणालीला आपण आपलं नाव देऊन राहिलोत. भूमिकन्या. मराठवाड्याची पहिली स्वदेशी प्रणाली. आणि ती बनवली कुणी? भूकंपातून उठलेल्या एका मुलीनं. तू." मी म्हटलं, "पण मी तर फक्त चढवली, सर." "चढवली म्हणजेच बनवली. पब्लिकला काय कळतं? ती सुरुवातीला इंग्रजी नावं येतात, कॉपीराइट-बिपीराइट, ती तेवढी काढून टाक." मग आवाज मऊ करून म्हणाले, "सतरा नंबरचा फॉर्म मी भरतो तुझा. बाहेरून दहावी दे, बारावी दे. इथं कायमची नोकरी. तुझ्या बापाला पत्र्यातून काढू." मी बाहेर आले आणि नळाखाली मनगटं धरून उभी राहिले. मला हे सगळं हवं होतं. दहावी हवी होती, नोकरी तर हवीच होती, आणि दादांच्या डोक्यावर स्लॅब हवा होता. त्या प्रणालीच्या परवान्यात नवं नाव देऊ नका असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. बदला, विका, वाटा, खुशाल तुमचं नाव द्या. फक्त पुढं देताना मोकळीच द्या आणि ज्यांनी केलं त्यांची नावं खोडू नका, एवढंच मागणं होतं. फुकट देणाऱ्यानं मागितलेल्या या दोनच गोष्टी, आणि त्यातली एक मोडायला सर सांगत होते. शिवाय ते नाव. भूमिकन्या. ज्या भुईनं माझी आई घेतली तिची मी कन्या, हे या माणसानं एका दमात, चहा पिता पिता ठरवून टाकलं होतं.

मी नावं खोडली नाहीत. खोडणार नाही असंही सांगितलं नाही. तेवढं धैर्य तेव्हा गोळा झालं नव्हतं. मेळाव्याच्या दिवशी मंगल कार्यालय गच्च भरलेलं. पुढं पाहुणे, मागं फेटेवाले, टोपीवाले, डोक्यावर पदर घेतलेल्या आया. स्टेजवर हार घातलेला कॉम्प्युटर. सरांनी भूकंपाचं वर्णन केलं, बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि मग त्यांनी मला पुढं ओढून माइक हातात दिला. "बोल, भूमिकन्या कशी बनवली?" माझे हात थरथरायला लागले, पार शेडच्या दिवसांसारखे. माइक हनुवटीवर आपटत होता. मी म्हटलं, "ही प्रणाली मी बनवली न्हाई."

सर हसून म्हणाले, "विनय आहे पोरीत."

"विनय न्हाई, सर. खरंच न्हाई बनवली. हिचं नाव भूमिकन्या न्हाई. हिचं नाव ग्नू-लिनक्स हाय. बनवणारे लई लोक हायेत, अन् त्यांना आपलं लातूर कुठं हाय हे ठाऊकबी नसंल."

खुर्च्या करकरल्या. मागून पांढरा पटका बांधलेला एक गडी उठला. नंतर कळलं, देवणीकडचा होता, लेकाला खोलीवर ठेवायला आला होता. म्हणाला, "बाई, ते दोन-दोन नावं कशापायी? पोराला परीक्षेत आलं तर काय लिहील? एक सांग ना." सगळे हसले. मला त्या हसण्यानं बळ दिलं की काय कोण जाणे. मी विचारलं, "काका, तुमच्याकडं सावड करतेत का? एक बैल तुमचा, एक शेजाऱ्याचा, अशी जोडी?"

"करतेत की. म्याच करतो."

"आमच्या गावात पोळ्याला सावडीची जोडी वेशीत तोरणाखाली आली, की पुकारा दोन्ही घरांचा होतो. अमक्याची-तमक्याची जोडी. एकाच घराचं नाव घेतलं तर दुसरा गडी बैल सोडून घरी नेतो."

"नेणारच!" काका म्हणाले. मग त्यांनी पटका सावरला आणि डोळे बारीक केले. "पण पोरी, मग कासरा वळणाऱ्याचं नाव? झूल शिवणाऱ्याचं? घुंगरं ओतणाऱ्याचं? त्येंचा पुकारा कुठं करतो आपण?"

हाच तो महेशचा प्रश्न. इतके दिवस त्याचं उत्तर मी इंग्रजी शब्दकोशात धुंडाळत होते. आणि भर सभेत, घामानं निसटणारा माइक दोन्ही हातांनी धरून, मला ते आमच्या गावच्या वेशीत उभं असलेलं दिसलं. मी म्हटलं, "न्हाई करत. त्यांना मान देतो, धान्य देतो, पण पुकारा न्हाई. जू ज्यांच्या मानेवर, त्यांची नावं. यातला एक काढला तर जोडी चालत न्हाई, दुसरा काढला तर चालत न्हाई. म्हणून दोन नावं. बाकीच्यांची नावं आत लिहिलेली हायेत, ती कुणी खोडायची न्हाईत."

काका शेजाऱ्याला, पण साऱ्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाले, "दुसऱ्याचा बैल आपला म्हणून मिरवायचा, ह्यो तर सरळ गोठा फोडल्याचा गुन्हा झाला की रं." टाळ्या-बिळ्या काही झाल्या नाहीत, तसलं खोटं मी लिहिणार नाही. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, सरांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि पुढच्या गुणवंताचं नाव पुकारलं.

संध्याकाळी सरांनी फार आरडाओरडा केला नाही. "उद्यापासून येऊ नको," म्हणाले. "एवढी अक्कल आहे, मग परीक्षा कशाला पाहिजे तुला?" पुढच्या आठवड्यात युनूसभाईंचं तिथलं देखभालीचं कामही गेलं. मी लातूरहून नांदेडच्या एसटीत बसले तेव्हा मला फक्त एकच भीती होती. सरांची नाही, दहावीची नाही. आपांचं काय? ज्या बाईनं माझं भांडं स्वतः घासलं तिच्या घरात येणारं काम मी माझ्या हट्टानं घालवलं होतं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकून माफीची वाक्यं जुळवत होते. घरी पोचले तर मेळाव्याची हकीकत माझ्याआधीच पोचली होती. युनूसभाई म्हणाले, "लातूरका काम गया, बेटी." आपा टाइपरायटरची फीत बदलत होत्या, बोटं काळीकुट्ट. "गेलं तर गेलं," त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठं खुशीनं जात होते? कंबर धरूनच तर बसायचे एसटीत." मग मला पुढं बोलावलं. मी वाक्य सुरू केलं, त्यांनी हातानंच थांबवलं.

"माइक होता ना हातात?"

"हो, आपा."

"मग मागच्यांना ऐकू गेलं का न्हाई?"

"गेलं."

"मग रडती कायको? बस. ही फीत धर."

मी बाहेरून दहावी कधीच दिली नाही. दोन-तीनदा फॉर्म आणला, ठेवून दिला. कुणी शिक्षण विचारलं तर नववी सांगते, आणि समोरच्याचा चेहरा बदलतो तो बघत राहते. आज मी राहते ते शहर नांदेडहून इतकं लांब आहे, की इथं कुणाला खट्टा म्हणजे काय हेही सांगावं लागतं. त्याच प्रणालीचे शब्द मराठीत आणणाऱ्या लोकांत मी बरीच वर्षं काम केलं. आत कुठं तरी, लांबलचक यादीत, बारीक अक्षरात माझंही नाव आहे. पुकाऱ्यात नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. दादांच्या डोक्यावर स्लॅब आला, उशिरा आला, पण माझ्या कामाचा आला. सरांचा क्लास पुढं खूप मोठा झाला. त्यांच्या नोट्समध्ये निर्माता या शब्दापुढं नंतर काय छापलं गेलं, मी कधी पाहायला गेले नाही.

आपा आता थकल्या आहेत. युनूसभाई नाहीत. गल्ली तीच, पुढची खोली बंद. फोनवर मी काही पाठवू का विचारलं की म्हणतात, "नक्को, पोरी. मला काय कमी हाय? त्या खोलीत पोरी येऊन बसायच्या, तेवढंच आठवतं." आपा, तुम्ही हे वाचणार नाही, डोळे अधू झाले आहेत, कुणाला तरी वाचून दाखवायला लावाल. तर त्याला इथं जरा मोठ्यानं वाचायला सांगा. मी येणार आहे. ती खोली उघडणार आहे. तिथं यंत्रं मांडीन, आणि मधेच शाळा सुटलेल्या मुलींना बसवीन, एकीलाही प्रमाणपत्र न विचारता. दारावर पाटी लागेल आणि तिच्यावर तुमचं नाव असेल, मोठ्या अक्षरात, रस्त्यावरून दिसेल असं. तुम्ही नक्को म्हणाल. म्हणा. या एका बाबतीत मी तुमचंही ऐकणार नाही.